घोडं घरी पोचेपर्यंत

लातूरच्या गंजगोलाईमागं नागप्पाचं टीव्ही-कूलरचं दुकान. कपाळाला इभूत ओढून गडी सकाळी शटर वर करायचा, अन् तिथून दिवस मावळेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला "बसा की जरा" म्हणायचा. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा बसलेलीच माणसं जास्त.

औंदा त्याचा एकुलता एक पोरगा रुद्रेश पुण्याला जातो म्हणून हटून बसला. दोस्तानं तिथं गेमच्या दुकानात काम बघून ठेवलं होतं. नागप्पाला एकच घोर. एक पोरगा, तोबी गेला तर दुकानात रातच्याला हिशेब कुणासंगं बोलायचा?

तेवढ्यात तो घोड्याचा गेम आला. परदेशातल्या कुठल्या दोघा भावांनी घरी बसून केलेला म्हनं. ना बंदूक, ना मारामारी. एक म्हातारी आंधळं घोडं घेऊन डोंगरापलीकडं निघाली हाय, घोड्याला त्याच्या मालकाच्या घरी पोचवायचंय, बस्स. कुणाच्या ध्यानीमनी न्हवतं, पण ट्यूशनची समदी पोरं फोनवर त्याचेच तुकडे बघायली. अन् खेळायचा तर टीव्हीला जोडायची ती मशीनच पायजे, दुसऱ्या कशावर चालत न्हाई.

रुद्रेश म्हणला, "अप्पा, असा एक गेम निघाला की मशिनीवर उड्या पडतात. मागवू?"

नागप्पाला आपलं लहानपण आठवलं. रविवारची मालिका सुरू झाली तवा माणसं ह्याच पायऱ्यांवर बसून दुकानातला टीव्ही बघायची. मग दुसऱ्याच्या दारात बसायची लाज वाटून एकेकानं टीव्ही घरी नेला. त्याच्या बापाला खोकी उतरवायला फुरसत न्हवती.

"मागव. ही अख्खी भिंत तुझी," तो म्हणला. "कूलर ऱ्हाऊ दे औंदा."

"अन् न्हाई खपल्या तर?"

"तर जा पुण्याला. मी आडवा येणार न्हाई."

शब्द देऊन मोकळा झाला.

मशिनी आल्या. एक टीव्हीला जोडली. शिवानी म्हणून नीटची तयारी करणारी एक पोरगी लई झ्याक खेळायची. क्लास सुटला की पाठीवरचं दप्तर न काढताच उभी ऱ्हायची. तिच्यामागं पोरं, पोरांमागं शेजारचा भागवत टेलर गळ्यात टेप घालून, त्याच्यामागं त्याचं गिऱ्हाईक. दुकानात उरलेला एकच कूलर सगळ्यांवर वारा मारायचा. नागप्पा खुशीत चहा सांगायचा. बसू द्या, मागं असंच बसले होते, अन् मग नेले होते.

पण नेईना कुणी. पोरं म्हणायची, "घरी आणली तर पप्पा जीव घेतील, काका." बाप यायचे ते पोराला कानाला धरून न्यायला. अन् ज्याच्या हातात पैसा, तो एकच विचारायचा, "अप्पा, तो कूलर कितीला?"

शेवटी रुद्रेशच म्हणला, "अप्पा, तुम्ही फुकटात दाखवायलाव म्हणून कुणी घेईना. आता शेवटच ऱ्हायलाय. इथंच थांबवतो. ज्याला बघायचा त्यानं मशीन घरी न्यावी."

नागप्पाला पटलं. दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद. माणसं आली अन् काळ्या पडद्याकडं बघत उभी ऱ्हायली. आदल्या दिवशी घोड्याचा मागचा पाय कड्यावरून घसरला होता, म्हातारी कासरा धरून आडवी पडली होती. तिथंच सोडलं होतं.

"अप्पा, ते तसंच लटकत ठेवलं व्हय?" भागवत म्हणला. "माझी बायको सकाळधरनं विचारायली, घोडं वर आलं का. काय सांगू तिला?"

"मशीन घेऊन जा अन् दाखीव."

"माझ्या घरात माणसं मावंनात, अप्पा. मशीन कुठं ठेवू, डोक्यावर?"

सगळे हसले. शिवानी हसली न्हाई. हळूच म्हणली, "काका, परवापासून आमचे पेपर हायेत. मला बघायलाच मिळणार न्हाई."

नागप्पानं रुद्रेशकडं बघितलं. रुद्रेश मान हलवून न्हाई म्हणला. खरं सांगायचं तर रातभर नागप्पालाबी नीज न्हवती. डोळा मिटला की तो कासरा दिसायचा. अन् दारात आलेल्या माणसाला माघारी लावायचं त्याला आयुष्यात जमलं न्हवतं.

"लाव रे," तो म्हणला. "तेवढं वर येऊ दे."

वर आल्यावर कोण थांबतंय? घोडं डोंगर उतरलं, नदी वलांडली, अन् एका दारापुढं येऊन त्यानं आपल्या नाकानं कवाड ढकललं. भागवतनं टेपनंच डोळे पुसले. पायऱ्यांवरचे लोक टाळ्या वाजवायले, नागप्पानंबी वाजवल्या. मग सगळे "लई भारी झालं बगा" म्हणत आपापल्या वाटंला लागले. घोडं पोचलं होतं, आता कुणाला काय बघायचं होतं?

रुद्रेशनं मशीन बंद केली. "अप्पा, दोस्ताला फोन करतो."

नागप्पाच्या तोंडाशी आलं, ऱ्हा म्हणून. पण स्वतःचाच शब्द आडवा पडला.

"जेवून कर," एवढंच म्हणला.

पोरगा पुण्याला गेला. दुपारी दुकान मोकळंच होतं. नागप्पानं बटणं दाबून कशीबशी ती मशीन सुरू केली. गेम पहिल्यापासून लागला. म्हातारी उभी, घोडं उभं. त्यानं हातातल्या रिमोटची दांडी पुढं लोटली तर घोडं जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. कुठलं बटण दाबावं ते सांगायला कुणी न्हवतं.

भागवत दारातून डोकावला. "आता कामून लावलंव, अप्पा? ते तर घरी पोचलं की."

"व्हय," नागप्पा म्हणला. "बस की जरा."

"शिवायचं पडलंय लई," म्हणून भागवत गेला. घोडं फिरत ऱ्हायलं.