रिकाम्या चौकटी

क्लोव्हिस एबेअरच्या लेखी रिकामी चौकट म्हणजे कुणाचा तरी कामचुकारपणा. पोर्ट आर्थरच्या तेल कारखान्यात कोणतं तेल किती घ्यायचं, पेट्रोलात काय किती मिसळायचं, याचे तक्ते तो वर्षानुवर्षं कागदावर आखत आला होता. जिथं काही नसे तिथंही ठसठशीत शून्य.

आता ही आखणी संगणकानं करायची होती. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर ती ह्यूस्टनच्या मुख्य कचेरीकडे जाणार, आणि क्लोव्हिसचं टेबल उठणार.

"तुमचा तक्ता यंत्रात मावत नाही, मिस्टर क्लोव्हिस," कार्डांना भोकं पाडून यंत्राला भरवणारी नोलीन प्रुएट म्हणाली. "शेकडो अटी, शेकडो माल, आणि चौकटींत नुसती तुमची शून्यं नांदताहेत."

"मग पुसू?"

"लिहायचीच नाहीत. एका कार्डावर मालाचं नाव, अटीचं नाव आणि आकडा. कार्ड नाही म्हणजे तिथं काही नाही."

"आणि कुणी विसरलं असेल तर?"

"यंत्र ते खरं मानेल. तुमच्या बायकोसारखं मनातलं ओळखत नाही ते."

"तीही ओळखत नाही. नुसता आव आणते."

भिंतभर तक्ता कार्डांच्या दीड पेटीत बसला. काटकसरी क्लोव्हिसला मनातून ते फार आवडलं.

बुधवारी उत्तर आलं: नफ्याला मर्यादा नाही.

"ह्यूस्टनला कळवू का, आपण टेक्सस विकत घेतोय म्हणून?" मॅनेजर टॉलिव्हरनं विचारलं.

क्लोव्हिसनं छापील कागद ओढला. शेजारच्या कारखान्यातून नळानं येणारा स्वस्त माल यंत्र हिशेबात घेतच सुटलं होतं.

"दिवसाला चार हजार पिंपांवर तो नळ देत नाही. इथल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे."

"कुत्र्यानं कार्ड दिलं नाही," नोलीन म्हणाली.

क्लोव्हिसनं आपला तक्ता उलगडला. इतक्या शून्यांच्या पहाऱ्यात नळाची ओळच नव्हती. ती कायम त्याच्या डोक्यात होती, आणि तिथं डोकावायची आजवर एकाही मदतनिसाची छाती झाली नव्हती. या लोखंडी पेटीनं एका दमात ती रिकामी जागा दाखवली होती. असा सरळ माणूस त्याला नोकरीत भेटला नव्हता.

एक कार्ड वाढलं. नवी आखणी त्यानं खोड काढायच्या इराद्यानंच वाचली, आणि एकही न सापडल्यावर टॉलिव्हरपुढे ठेवली. टॉलिव्हरनं ती दोनदा चाळून ह्यूस्टनला फोन लावला: आखणी इथंच होईल.

क्लोव्हिसनं नोलीनकडे खुर्ची सरकवली.

"बस, पोरी. इथं सगळ्यांना ठाऊक असलेलं आणखी काय काय आहे, ते सांगतो."