झोपेतली वाट

दिवाळी सरली की म्हाळू आणि बायडाबाई मेंढरं घेऊन बालाघाटाच्या रानातून खाली गोदाकाठाला उतरत. उमापूर, तलवाड्याच्या शेतांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. म्हाळूच्या आज्यानंही हेच केलं होतं.

त्या साली निजाम सरकारची दवंडी आली. घाटाचं रान राखीव झालं. आत मेंढरू दिसलं की जप्त. भटकणाऱ्यांनी एका जागी राहावं, शेती करावी. रानाच्या अलीकडं म्हाळूला खडकाळ तुकडा मिळाला. त्यानं कुडाचं घर उभं केलं, उसना नांगर आणला.

पण छपराखाली बायडाबाई झोपेत चालू लागली.

एका पहाटे म्हाळूला जाग आली, तर शेजारचं अंथरूण रिकामं. बाहेर धुकं दाटलेलं. धुक्यात बायडाबाई चाललेली, डोळे अर्धे मिटलेले, डोक्यावर नसलेलं ओझं एका हातानं सावरत. मेंढरं कोंडायच्या वाघरीचं जाळं तिनंच सोडलं होतं; मागं सगळी मेंढरं. हाक मारायला म्हाळूनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तोही मागं चालू लागला. लई दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

रानाच्या हद्दीवर चौकीदार शहादेव काठी आडवी धरून उभा राहिला.

"म्हाळूकाका, कावून आलाव? माझी नोकरी घालवता का?"

"हळू बोल. झोपंत हाय ती."

शहादेवनं तिच्याकडं पाहिलं, काठी खाली घेतली. ती पुढं गेल्यावर काठी पुन्हा आडवी झाली.

"मान्साला बंदी न्हाई, काका. मेंढराला हाय."

मेंढरं आवरत म्हाळू तिथंच थांबला. धुक्यानं तिची पाठ हळूहळू पुसून टाकली.

बायडाबाई जागी झाली ती घाटाच्या कड्यावर, दरवर्षीच्या मुक्कामाच्या जागी. तिनं चुलीचे दगड शोधले, सापडले नाहीत. खुरांनी घासलेली वाट गवतात बुडाली होती. उन्हं आली, धुकं फाटलं, पार टोकाला गोदेची असावी अशी एक पांढरी रेघ चमकली. ती बघत राहिली. उतरली असती तरी कुणी अडवलं नसतं. पण मेंढरांवाचून ती कुणाच्या शेतात जाणार?

तिनं ओच्यात गवत भरलं आणि माघारी फिरली.

"मावशे, गवताला बी बंदी हाय," शहादेव म्हणाला.

"मग घे." तिनं ओचा पुढं केला.

त्यानं हात लावला नाही. "जा लवकर," एवढंच म्हणाला.

परतताना म्हाळूनं विचारलं, "वाट हाय का अजून?"

"न्हाई वं. मिटली."

त्यानंतर ती झोपेत चालली नाही. पुढच्या पावसात तुकड्यात बाजरी आली, विरळच. नवी कोकरं बांधावर उड्या मारत वाढली, आणि बायडाबाई त्यांना दारातच पाला टाकू लागली.