पोटातला स्क्रू

मी खटका आहे, खिडकीचा. कळंबमध्ये धान्याच्या मोंढ्याकडं जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर हणमंतप्पांचं घर आहे. त्या घराच्या पुढच्या खिडकीत, झडपेच्या डाव्या कोपऱ्यात वर बसलोय, तो मी. गोड बोलायची मला सवय नाही. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, ज्याला नको त्यानं खिडकी लावून घ्यावी. तेवढं काम मी चोख करतो.

माझा जन्म सुताराच्या हातचा नाही की लोहाराच्या भट्टीतला नाही. कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात सोडलं, थंड केलं अन् मला बाहेर ढकललं. पोटात एक बारकी स्प्रिंग, पुढं चेपकं नाक, अंगाला दोन दात. स्क्रू मात्र मला दिला नाही. झडपेच्या वरच्या पट्टीत माझ्या मापाची खाच असते. तिच्यात मला ठेवायचं अन् अंगठ्यानं दाबायचं. टक! दात खाचेच्या कडेखाली अडकले की मग मी कुणाच्या बापाला हलत नाही.

माझ्यासारखाच एक जोडीदार उजव्या कोपऱ्यात आहे. ही खिडकी वर-खाली सरकते. पण आम्हा दोघांना अंगठ्यानं दाबून नाकं एकदम आत घ्यायला लावली, की झडप वरून सुटते अन् घरात कलते. मग काचेची बाहेरची बाजू घरात बसून पुसता येते. दोघांनी मिळून नाक आत घ्यायचं, एकट्यादुकट्याचं ते काम नाही. आमचं सगळं शहाणपण एवढंच.

आता घरच्या माणसांचं सांगतो.

हणमंतप्पांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. त्यांचा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद झालं, पण हातातला पाना काही सुटला नाही. नट ढिला राहिला तर चाक जातं अन् चाक गेलं की माणूस पडतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलेलं. त्यामुळं घरात जे दिसेल ते आवळायचं. नळ असा आवळायचे, की सकाळी पाणी सोडायला त्यांनाच उठवावं लागायचं. लोणच्याच्या बरणीचं तर विचारू नका. आप्पांनी झाकण लावलं, की त्यांची बायको शांताक्का बरणी काखेत धरून त्यांना हुडकत फिरायची.

"अवो, उघडा की! भाकरी गार व्हायलीय."

"नीट लावलंय म्हणून उघडंना. ढिलं ठेवलं की मुंग्या लागतेत."

"मुंग्यांना मिळंना ते बरंच झालं. माणसांना तरी मिळू द्या."

शांताक्कांचं माहेर उमरग्याकडचं. बोलायच्या मराठी, पण मनाला फार लागलं की एखादा कानडी शब्द निघायचा. त्यांना एकच वेड होतं, खिडकीची काच. सोयाबीनचा हंगाम आला की रस्त्यानं दिवसभर ट्रॅक्टर अन् टेम्पो, अन् काचेवर धुळीचा थर. पण शांताक्का गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या, ते ह्याच खिडकीच्या उजेडात. "देवाला धुळीतनं गाळलेला उजेड कसा दाखवू?" म्हणायच्या.

जुनी खिडकी साधी होती. बाहेरून लोखंडी जाळी, खाली गटार. काच बाहेरून पुसायची तर गटारीवरच्या फरशीवर स्टूल मांडायचं, वर चढायचं अन् जाळीतून हात घालायचा. आप्पा ओरडायचे, ह्या ऐकायच्या नाहीत. एके सोमवारी फरशी हलली अन् शांताक्का डाव्या अंगावर पडल्या. खुबा मोडला, मनगटही गेलं. लातूरला ऑपरेशन झालं. घरी आल्या त्या वॉकर धरून. डाव्या हातात ताकद यावी म्हणून कणकेचा गोळा दाबत बसायच्या.

मुलगा शंभुलिंग पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, आता बास झालं. तुमी दोघं तिकडंच चला."

शांताक्का म्हणाल्या, "ज्या दिवशी मला माझ्या घरची खिडकी पुसायला येणार न्हाय, त्या दिवशी गुमान गाडीत बसते. तवर नाव काढू नको."

पोरगं गुणाचं. वाद घातला नाही. त्यानं ही खिडकी पाठवली, अन् खिडकीबरोबर मी आलो.

बसवायला धाराशिवचा बिभीषण आला होता. आप्पा खुर्ची टाकून समोरच बसले. बिभीषणनं जोडीदाराला खाचेत दाबलं, टक. मला दाबलं, टक. अन् हात झटकले.

"स्क्रू कुठायत?" आप्पांनी विचारलं.

"लागत न्हायत, आप्पा."

"लागत न्हायत का आणले न्हायत?"

"ह्याला स्क्रू नसतोच. दात हायत. दातानं धरतंय."

"दातानं? माझ्या बी तोंडात होते दात. बघ कुठं गेले."

बिभीषण हसला. मला काही हसू आलं नाही. अपमान तो अपमानच.

मग त्यानं शांताक्कांना खुर्चीवर बसवलं अन् झडप टेकायला त्यांचाच वॉकर पुढं ठेवला. "दोनी अंगठ्यानं दाबा, अक्का." त्यांचा डावा अंगठा माझ्यावर आला. भाकऱ्या थापून, तव्याचे चटके खाऊन राठ झालेला, पण दाबायचा कसा तर झोपलेल्या लेकराच्या गालाला लावावा तसा. मी नाक आत घेतलं. खिडकी अलगद कलली अन् वॉकरवर येऊन टेकली. शांताक्कांनी पदर खोचला अन् काच पुसायला लागल्या. लई दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"आता कुठली जाती मी पुण्याला!"

आप्पा मात्र पूर्ण वेळ काचेखाली दोन्ही हात पसरून उभे होते. पाळण्यातनं पोर पडायलंय असं त्यांचं तोंड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शांताक्कांचा डोळा लागला. आप्पांनी सायकलच्या जुन्या डब्यातून एक लांब स्क्रू हुडकला, पेचकस घेतला अन् स्टूल ओढून माझ्यापुढं बसले. माझ्याकडं बघत पुटपुटले, "तुझ्या दातावर भरवसा ठेवून शांतीच्या अंगावर काच पाडू व्हय?"

अन् घातला स्क्रू माझ्या पोटातून आरपार.

त्यांना वाटलं, माझं बाहेरचं खोकं तेवढं आवळलं, नाक मोकळंच राहील. पण माझं नाक अन् पोट एकच आहे, हे त्यांना कोण सांगणार? स्प्रिंग जागीच चेपली. मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी सगळा मोंढा गोळा केला असता. शंभू रागावेल म्हणून आप्पांनी स्क्रूच्या डोक्यावर पांढरी पुट्टी लावली, बोटानं गुळगुळीत केली. खिडकी एकदा वर, एकदा खाली सरकवली. सरकली. समाधानानं उठले.

सोमवारी आप्पा पारावर गेल्यावर शांताक्का खुर्चीवर बसल्या. वॉकर पुढं घेतला. दोन्ही अंगठे लावले. उजवीकडचा जोडीदार चटकन आत गेला. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. नख पांढरं पडलं, मनगट थरथरायला लागलं. मी हललो नाही. मला हलताच येत नव्हतं हो!

उजव्या हातानं होतंय, डाव्यानं होईना. पडल्या डाव्या अंगावर. त्यांनी हिशेब तिथंच लावला. दोष खिडकीला दिलाच नाही. डावा तळहात समोर धरला अन् त्यालाच म्हणाल्या, "तू बी गेलास व्हय रं?"

मग कणकेचा गोळा मोठा झाला. आप्पा बाहेर गेले की रोज माझ्याशी झटापट, रोज हार. आप्पांना सांगितलं नाही, कारण सांगितलं की ती मदत झाली, अन् मदत घेऊन पुसली तर ती त्यांची खिडकी राहिली नाही. काच मळत गेली. हळूहळू शांताक्का पूजेला मधल्या खोलीत, दिव्याच्या उजेडात बसायला लागल्या.

एक दिवस त्यांनी शंभूला फोन लावला. "ये न्यायला."

आप्पांच्या हातातला चहा तसाच राहिला. "काय झालं गं?"

"काय न्हाय. साकु झालं."

साकु म्हणजे पुरे. आप्पांनी पुढं विचारलं नाही. कानडीत आलं म्हणजे फार आतून आलंय, हे त्यांना ठाऊक होतं. 'जायचं तर जायचं' म्हणाले अन् पाना घेऊन घरातले सगळे नळ आवळत फिरले. फिरून झालं की पुन्हा पहिल्यापासून. माणूस रडायच्या ऐवजी काय काय करतो, ते मी बसल्या जागी बघत होतो.

गाडी येणार, त्या सकाळी शांताक्का आतल्या खोलीत लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. आप्पांची नजर काचेवर गेली. मळकी, धुळकट. ह्या घराची काच अशी कधी दिसली नव्हती. "असं टाकून गेलो तर रस्त्यानं जाणारा कुणाला नाव ठेवील? तिलाच की," असं म्हणत त्यांनी फडकं घेतलं, स्टूल ओढून बसले अन् पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं आम्हा दोघांना दाबलं.

जोडीदार आत. मी तसाच.

सायकलचे टायर उतरवलेले अंगठे ते. जोर लावला, दात-ओठ खाल्ले. "त्या बिभीषणाच्या..." म्हणून शिवी काढली अन् अर्ध्यातच थांबले. पुट्टी दिसली. नखानं खरवडली. खाली त्यांच्याच डब्यातला स्क्रू.

आप्पा स्टुलावर तसेच बसून राहिले. आतून घड्या घालायचा आवाज येत होता. दारातल्या फळीवर कणकेचा गोळा वाळून पडला होता. त्यांनी त्या गोळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् त्यांचा चेहरा असा झाला, की मी त्यांना तिथंच माफ करून टाकलं. तोपर्यंत माझा तसा विचार नव्हता.

पेचकस आणला. उलटा फिरवला. स्क्रू फिरत फिरत बाहेर आला. मी नाक हलवून बघितलं. करकरलो, पण हललो! मग त्यांनी मला चिमटीत धरून जोरानं ओढलं. मी दात रोवून बसलो. पुन्हा ओढलं. मी तिथंच.

"धरतंय की रं," ते हळूच म्हणाले. एवढ्या दिवसांत माझं कौतुक झालं ते एवढंच.

"शांते, इकडं ये."

शांताक्का वॉकर टेकत आल्या. "काय वो?"

"दाब."

"जाऊ द्या आता. गाडी येईल."

"दाब म्हणतो न्हवं!"

त्या बसल्या. अंगठा माझ्यावर आला, पण ह्या वेळी घाबरत. मी वाट बघितली नाही. जरासा भार आला अन् मी आत गेलो. खिडकी वाकून त्यांच्यापुढं वॉकरवर टेकली. त्यांनी डावा हात उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. बोट माझ्या पोटावरून फिरलं अन् भोकापाशी थांबलं.

"हे भोक कशाचं?"

"कंपनीनंच पाडलेलं असंल."

शांताक्कांनी आप्पांच्या नखातली पांढरी पुट्टी बघितली. खिशातून डोकावणारा पेचकस बघितला. मग म्हणाल्या, "लोणच्याची बरणी बी कंपनीच आवळत असंल."

"तुझ्या अंगावर पडंल म्हणून..." आप्पांनी डोकावणारा पेचकस खिशात आत ढकलला.

"कळलं. फडकं द्या इकडं."

त्या पुसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काचेवर पडत होतं, अन् त्या तेही पुसत होत्या. आप्पा मात्र त्याच जागी, काचेखाली हात पसरून. त्या बोलल्या नाहीत, 'हात काढा' म्हणून.

दारात गाडी वाजली तेव्हा शांताक्का म्हणाल्या, "शंभूला म्हणावं, जेवून जा. आमी येत न्हाय. लोणचं घेऊन जा म्हणावं. झाकण मात्र म्या लावीन."

आता मी आहे तिथंच आहे. पोटात भोक आहे. मोंढ्याची धूळ त्यात बसते, त्यामुळं करकरतो. नव्या घरात मला कुणी घेणार नाही अन् मला जायचंही नाही. आप्पा अजून खिशात पेचकस घेऊन फिरतात. येता-जाता माझ्यापाशी थांबतात, एक बोट लावून बघतात, अन् काही न करता पुढं जातात. परवा बरणी कलंडली, झाकण ढिलं होतं. तेल ओट्यावरून खाली आलं. शांताक्का पुसता पुसता हसत होत्या.

माझं मागणं एवढंच. कुणी बिनस्क्रूचा दिसला, तर आधी ओढून बघा. धरत असेल तर धरू द्या.

उद्या सोमवार आहे. सकाळी तो डावा अंगठा येईल. मी आत्तापासूनच सावरून बसलोय.