अंजिरांची ताटली

कावेरी कामावरून आली तेव्हा फळीवर अंजिरं होती.

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत, त्या व्हिलाच्या मागच्या खोलीत मायलेकींच्या वाट्याला एकच फळी आलेली. तिच्यावर एका कडेला देव आणि दुसऱ्या कडेला रामेश्वरचा फोटो. मंडळाच्या कार्यक्रमातला, डफावर थाप मारताना तोंड उघडं राहिलेला. त्या उघड्या तोंडासमोर आज स्टीलची ताटली, तिच्यात पाच टपोरी जांभळी अंजिरं, शेजारी उदबत्तीची राख.

कावेरी चप्पल काढायचं विसरली. आज तिथी होती. मिहिकाला बाप गेल्याची तारीख ठाऊक होती, तिथी नाही. ती तर दरसाल सरकते. गेली चार वर्षं कावेरी शाळेच्या कँटीनमधून अर्धा दिवस मागून एकटीच पान वाढायची आणि पोर कानात इअरफोन घालून भिंतीकडं तोंड करायची. एकदा, फक्त एकदा लेकीनं बापासमोर हात जोडावेत, एवढंच कावेरीचं मागणं होतं. आणि आज अंजिरं! रामेश्वर पुरंदरचा. रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यात धूळ खाताना त्याला बायकोच्या आधी गावचं अंजीर आठवायचं.

"स्वप्नाली! ए स्वप्नाली, इकडं ये गं!" तिनं पुढच्या खोलीतल्या शेजारणीला हाक मारली.

स्वप्नाली ओले हात पुसत आली. "अगंबाई! पोरीनं कॅलेंडर बघून केलं की काय सगळं? आणि तुम्ही म्हणता, लेक दगड आहे."

"मीच दगड," कावेरी म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती.

बाजारात जाऊन अंजिरं आणायची म्हणून तिनं पैसे वेगळे काढले होते. ते तिनं परत डब्यात टाकले. भात, वरण, आमसुलाची चटणी, वडे केले. पान वाढलं आणि ताटलीतली अंजिरं एकेक करून, लेकरू उचलावं तशी, पानाच्या उजव्या कडेला ठेवली.

तेवढ्यात मिहिका दारात. अंगावर तपकिरी लांब कोट, गळ्याला आणि दोन्ही मनगटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. बाहेर जूनचं ऊन भट्टीसारखं पेटलेलं आणि ही कोटात.

"हू टच्ड माय सेटअप?"

"काय गं?"

"माझी ताटली, आई! अंजिरं! फोन मी तिथं उभा केला होता, शूटसाठी नेला फक्त. इट वॉज फॉर हिम."

"हिम म्हणजे?"

मिहिकानं फोन पुढं धरला. पडद्यावर कार्टूनमधला एक देखणा पोरगा, तोच कोट, त्याच पट्ट्या, कपाळावर केस, ओठांवर मिश्कील हसू. "आज त्याचा बर्थडे आहे. म्हणजे खऱ्या रायटरचा. जपानमध्ये होता तो, फार पूर्वी. त्याच्या एका स्टोरीत अंजिराचं झाड आहे, म्हणून फॅन्स त्याच्यापुढं अंजिरं ठेवतात."

"आणि या पट्ट्या?"

"ही वॉज सॅड, आई. खूप प्यायचा. शेवटी नदीत जीव दिला. पण ॲनिमेमध्ये तो सो फनी आहे! मरणावरसुद्धा जोक करतो."

स्वप्नाली हळूच मागच्या मागं सटकली.

"बायको होती त्याला?" कावेरीनं विचारलं.

"असेल. आय डोन्ट नो. ॲनिमेत नाहीये."

"असणारच कशी. ती असती तर कार्टून हसलं नसतं."

"प्लीज, बाबांशी कंपेअर नको करू. बाबा पिऊन कारमध्ये उलट्या करायचे. हा तसा नाहीये. ही इज फनी."

"तुझा बाबाही फार विनोदी होता," कावेरी म्हणाली. "लोकांच्या घरी."

मिहिकानं पानावरची अंजिरं उचलली, नळाखाली धुतली, ताटलीत मांडली, फोन उभा केला आणि हात जोडले. बापाच्या फोटोच्या बरोब्बर पुढ्यात, पण बापाला नव्हे.

कावेरी पानाशी बसून राहिली. बाजारात जायची वेळ टळून गेली होती. तोंडातून नकळत रामेश्वरचीच ओवी निघाली, जात्याची चाल त्याला आईकडून मिळालेली:

वाळूला गं कोण पुसं, तुझी तहान केवढी
कावेरीच्या हाती बाई, घागर गं एवढी

मिहिका वळली. "हे कुणाचं?"

"बाबांचं."

"मीनिंग?"

कावेरीनं सांगितलं. वाळूला तिची तहान कुणी विचारत नाही, आणि बायकोच्या हातातली घागर तर एवढीशी. पोरीचा चेहरा मऊ पडला, नाक थेट रामेश्वरसारखं फुललं.

"परत म्हण ना, आई. हळू."

कावेरीनं परत म्हटलं. हळू, शब्द न् शब्द सुटा करून. चार वर्षांत पोरीनं पहिल्यांदा बापाचं काही मागितलं होतं. मिहिका फोनवर भराभर टाइप करत होती. आपल्या मैत्रिणींना सांगत असेल, माझे बाबा असं लिहायचे म्हणून. कावेरीनं पदरानं फोटोची काच पुसली.

"आई, बघ! केवढे लाइक्स! दे आर क्रायिंग!"

पडद्यावर तोच कोटवाला पोरगा, नदीकडं पाठ करून उभा. त्याच्यावर इंग्रजीत दोन ओळी. वाळू आणि तहान एवढं कावेरीला वाचता आलं. घागर होती. कावेरी नव्हती.

"खाली नाव कुणाचं आहे गं?"

"त्याचंच. फॅन पोस्ट आहे ना. इट्स सो हिम!" मग आईचा चेहरा बघून जरा खालच्या आवाजात, "बाबांचं नाव टाकलं असतं तर कुणी वाचलं असतं, आई?"

मिहिकानं कोट काढला, पट्ट्या सोडल्या. मनगटं कोवळी, घामानं पांढरी पडलेली. जाता जाता तिनं ताटली आईपुढं सरकवली.

"माझं खलास. आता हवं तर बाबांना ठेव."

फोटोतला रामेश्वर तोंड उघडून तसाच गात होता.

"उष्टं ठेवत नाहीत, बाळा," कावेरी म्हणाली, आणि अंजिरांवाचूनचं पान उचलून दाराबाहेर गेली.