चादरीचं दुसरं टोक

माझ्या धाकट्या भावाने मला जोडीतून काढायची धमकी दिली, तेव्हा आम्ही दोघं एकाच चादरीची टोकं धरून उभे होतो.

आमची लाँड्री आहे. भाऊ तिशीतला, शिकण्या-समजण्यात जरा सावकाश. पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावतो म्हणून सगळे त्याला साहेब म्हणतात. मोठ्या चादरीची घडी घालताना कुणी तरी एकाला हुकूम द्यावा लागतो, नाहीतर कडा जुळत नाहीत. आमच्याकडे हुकूम माझा. मी 'थांब' म्हटलं की साहेब जागच्या जागी उभा राहतो आणि मी चालत जाऊन त्याच्या हातातली टोकं घेते.

हीच सवय बॅडमिंटनमध्ये नडली. क्लबात दर आठवड्याला जोड्यांचे सामने असायचे, जोडीत एक खेळाडू साहेबासारखा आणि एक माझ्यासारखा. शटल त्याच्याकडे आलं की माझ्या तोंडून 'थांब' निघायचं, तो इमानदारीत थांबायचा, मी धापा टाकत जायचे आणि शटल आमच्या मधोमध आरामात पडायचं.

"उद्या पण हरलो तर मी केस कापणाऱ्या काकांबरोबर खेळणार," साहेब म्हणाला. "ते ओरडत नाहीत."

माझा तिळपापड झाला. त्याला खेळायला नेलं मी, आणि नारळ मलाच! पण खरं सांगते, आठवड्यातून तेवढाच वेळ आम्ही कपड्यांशिवाय दुसरं काही बोलायचो. मग मी काय करू, असं विचारलं तर म्हणाला, उद्या 'थांब' मी म्हणणार.

दुसऱ्या दिवशी काका प्रेक्षकांत रॅकेट घेऊनच बसले होते. हुकूम हातात आल्यावर साहेबाला चेव चढला. माझ्या पुढ्यातल्या शटललाही तो 'थांब' म्हणाला आणि मी मुकाट थांबले. पहिला गेम बोंबलला. त्यावर त्याने बराच विचार केला आणि जाहीर केलं की ताईचं ते ताईने मारायचं. दुसरा गेम आम्ही घेतला. तिसऱ्यात शेवटच्या गुणापर्यंत आलो.

शटल उंच उडालं आणि त्याच्या बाजूला उतरू लागलं. माझे पाय आपोआप सुटले.

"थांब, ताई."

मी थांबले, एक पाय हवेत. तोही थांबला होता, इतका निवांत की माझा जीव टांगणीला लागला. मग त्याने रॅकेट नुसती पुढे केली. शटल जाळीवरून टुपकन पलीकडे पडलं आणि समोरची जोडी बघतच राहिली. मी आनंदाने रडले, अगदी नाक पुसत रडले.

काकांनी येऊन विचारलं, मग माझं काय?

"तुम्ही घरी जा, काका," साहेब म्हणाला. "ताई शिकली."

सकाळी लाँड्रीत चादर उलगडली. मी तोंड उघडण्याआधीच तो 'थांब' म्हणाला, चालत आला आणि माझ्या हातातली टोकं घेतली. कडा माझ्यापेक्षा सरळ जुळल्या. हे मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.