दोन सेकंदांची ओळ

अक्षदाचे जुने साहेब, दिग्विजय सर, पुण्याहून स्वतः तिच्या गावी, तेरला आले, तेव्हा तिच्या काळजाला थंडावा मिळाला. या, बसा, चहा घ्या, असलं काही ती बोलली नाही. गावच्या डेअरीच्या ओट्यावर तशीच बसून राहिली.

का बोलावं? दूध मोजायच्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची आणि वजनकाट्याची बोलणी करून देणारा प्रोग्राम, तिनं लिहिला होता. यंत्र दुपारी झोपतं, संध्याकाळी उठतं. उठताना काट्याला हाक मारायची, दोन सेकंदांत जवाब आला नाही तर त्याच्यावाचून पुढं जायचं, अशी एक ओळ तिनं घातली होती. सरांनी ती फालतू म्हणून उडवली. गावोगावची यंत्रं उठेनात, तेव्हा बोट दाखवलं ते अक्षदाकडं. चोर तो चोर, वर शिरजोर! तिची नोकरी गेली, आणि चूक हिचीच, असा मेल सगळ्या कंपनीत फिरला.

पुण्यात मात्र यंत्र हटकून उठायचं, म्हणून बिघाड कुणालाच सापडेना. आज सापडला नाही तर दूध संघ सगळी यंत्रं परत करणार होता. सर दोन तास लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले. बाहेर किटल्या घेऊन लोकांची रांग लागली.

"सायेब, उठंना व्हय?" यंत्र चालवणाऱ्या हरिबानं, अक्षदाच्या चुलत्यानं विचारलं.

सर ओट्यापाशी आले. "अक्षदा, तुला माहितंय ना?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांग की."

"आधी मेल लिहा. ओळ तुम्ही काढली आणि आळ माझ्यावर घातला. त्याच सगळ्यांना पाठवा."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. सरांनी एकदा रांगेकडं बघितलं, आणि लिहिलं. 'गैरसमज झाला' हे शब्द तिनं खोडायला लावले. 'मी खोटं बोललो' असं लिहून घेतलं, मेल गेल्याची खात्री केली, आणि मग ती उठली.

"नाना, काट्याची पिन लावा."

"आगं, यंतर उठल्याबगर म्या काटा लावत न्हाय. उगं चालू राहून खराब व्हतो."

"आज लावा."

हरिबानं नाखुशीनं पिन लावली. काट्याचा जवाब मिळाला आणि यंत्र उठलं.

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच. पुण्यात तुमचा काटा कायम लावलेला. इथं नाना आधी यंत्र उठायची वाट बघतात, आणि यंत्र काट्याची. गावोगावी हीच तऱ्हा. नानांची सवय मला ठाऊक होती, म्हणून ती ओळ होती."

"परत ये कामावर. मी बोलतो वरती."

"तुम्ही काय बोलणार आता?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पडद्यावर कंपनीच्या मालकांचं नाव होतं. सर नुसते बघत राहिले.

"उचला सर," अक्षदा म्हणाली. "दोन सेकंदांत जवाब आला नाही, की तुमच्यावाचून पुढं जातात."