मावशीचा लाल टाका

मी मांजरपाटाची पट्टी बोलतेय. हसू नका. जन्म कात्रणांच्या टोपलीतला असला, तरी मी जेवढं खरं ऐकलंय तेवढं रेशमाच्याही कानी पडलं नसेल.

मला त्या टोपलीतून उचललं शिवणाऱ्या मावशीनं. मावशीला अक्षरओळख नाही, पण कुणाची कंबर किती, हे दहा वर्षांनीही तोंडपाठ. आयुष्याला तिनं दोनच नियम लावलेले. खोटं बोलायचं नाही, आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारायची नाही. संध्याकाळी मशीनवर झाकण घातलं की ती मला मांडीवर घ्यायची, सगळा दिवस मोठ्यानं आठवायची आणि एक टाका घालायची. दिवस सरळ गेला तर पांढरा, चुकला तर लाल.

एकदा म्हणाली, "शेजारणीला म्हटलं, पडदे झकास शिवलेस. कसले डोंबलाचे झकास! एक टोक जमिनीला, एक आभाळाला. पण रडली असती गं बिचारी!" बराच वेळ डोकं खाजवलं आणि गुलाबी दोरा ओवला.

ते ऐकून मावशीच्या सूनबाईची हसून हसून मुरकुंडी वळली. ती तेव्हा नुकतीच मावशीच्या हाताखाली शिवण शिकत होती.

मग आला गाणं शिकवणाऱ्या बाईंचा मखमली कोट. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, एखादा उलटा गेला की तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. गप्पांच्या नादात मावशीनं डावी बाही उलटी कापली आणि तिला पत्ताही लागला नाही.

बाई कोट घालून उजेडात उभ्या राहिल्या. "मावशी, ही बाही काळपट का दिसतेय? चार दिवसांवर कार्यक्रम आलाय माझा!"

मावशीनं पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सुनेनं कापलीय हो. नवीन आहे अजून."

सूनबाईच्या हातातली इस्त्री थांबली. तिनं सासूकडे एकदा पाहिलं नि मान खाली घातली. "हो, माझंच लक्ष नव्हतं."

"अरे देवा! माझ्या गाण्याच्या मुलींचे पंधरा झगे तुमच्या सुनेकडेच देणार होते मी," बाई म्हणाल्या. "आता बघू." कोट टेबलावर टाकून त्या निघून गेल्या.

ते झगे म्हणजे सूनबाईचं पहिलंवहिलं, स्वतःच्या नावावरचं काम ठरणार होतं.

त्या संध्याकाळी मावशीनं मला घेतलं खरं, पण दिवस आठवायचं सोडून थेट सुई उचलली. आधी तिनं काय ओवलं असेल? गुलाबी दोरा! सुई माझ्यात अर्धी शिरली आणि तिनं ती झटक्यात उपसली. "गुलाबी? लाज नाही वाटत, म्हातारे?" मग लाल टाका घातला. तरीही सुई ठेववेना. "लाल घालून मी सुटले. तिचं काय?"

मला मनगटाला तशीच गुंडाळून ती उठली. "चप्पल घाल गं. बाईंकडे जायचंय."

"राहू द्या ना आई. विसरतील त्या."

"त्या विसरतील. तू विसरशील?"

सूनबाईनं चप्पल घातली.

बाईंच्या घरी मावशी बसलीसुद्धा नाही. "बाही मी कापली. घाबरले आणि हिचं नाव घेतलं. ही माझी अब्रू झाकत राहिली, आणि मी हिची उघड्यावर टाकली."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "मला वाईट वाटलं, मावशी. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कोट आता तुमची सूनच नीट करील. झगेही तीच शिवेल."

मावशीला ते लागलं. तिनं मला मनगटावर घट्ट आवळलं. तरी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

परतताना सूनबाईनं तिचा हात धरला. चढ होता म्हणून असेल. पण चढ संपला, तरी सोडला नाही.

आता मावशीला सुईचं भोक दिसत नाही. सूनबाई दोरा ओवून देते, शेजारी बसून ऐकते आणि अलीकडे स्वतःचाही दिवस सांगते. माझ्या अंगावर दोन हातांचे टाके शेजारी शेजारी पडतात. केवढं भाग्य माझं! टोपलीतली माझी भावंडं फरशी पुसून संपली. मला मात्र दोघी रोज मांडीवर घेतात आणि खरं सांगतात.

एकच मागणं आहे. पुढे कधी कौतुकानं मला काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगू नका. टाक्यांना अजून जागा आहे माझ्यात. सुई टोचत राहा.